‘चार अधिक एक’ एमपीएच : एक वर्ष खरंच वाचतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका गृहस्थांची मुलगी तिथल्याच सरकारी युनिव्हर्सिटीत हेल्थ सायन्सेसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९. तिला युनिव्हर्सिटीची मेल आली की तिसऱ्या वर्षी अर्ज करून ‘चार अधिक एक’ प्रोग्राममध्ये गेलीस, तर पाच वर्षांत बीएस आणि एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) अशा दोन्ही पदव्या मिळतील. वडील विचारतात, “एक वर्ष आणि एका वर्षाची फी वाचत असेल तर नाही म्हणायचं कारण काय? पुढे तिच्या मनात मेडिकलही आहे, तेव्हा एमपीएचचा उपयोग होईलच ना?” आणि शेवटी, जाता जाता, “आम्ही एच-१बीवर आहोत, ग्रीन कार्डाची रांग चालू आहे.”

माझ्या मते या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते शेवटचं आहे. त्याकडे येतेच, पण आधी बाकीचा गुंता सोडवू.

मी आधी काउंटी हेल्थ डिपार्टमेंटमध्ये साथींच्या तपासाचं काम करायचे. आता एका स्कूल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये शिकवते आणि विद्यार्थ्यांची ॲडव्हायजर म्हणूनही काम बघते. अशा जोड-प्रोग्रामची मुलं दरवर्षी माझ्या वर्गात असतात. मी इमिग्रेशनची वकील नाही, त्यामुळे व्हिसाबद्दल लिहीन ते वकिलाला दाखवून मगच त्यावर पाऊल टाका.

पहिली गोष्ट, हिशेब. अमेरिकेत बॅचलर्सला साधारण १२० क्रेडिट लागतात. एमपीएचला मान्यता देणाऱ्या काउन्सिल ऑन एज्युकेशन फॉर पब्लिक हेल्थच्या नियमाप्रमाणे त्या पदवीला किमान ४२. बेरीज १६२. जोड-प्रोग्राममध्ये बॅचलर्स चालू असताना घेतलेले काही ग्रॅज्युएट, म्हणजे मास्टर्सच्या पातळीचे, कोर्स दोन्हीकडे धरले जातात. हा सामाईक भाग बऱ्याच ठिकाणी ९ ते १२ क्रेडिटचा असतो, कुठे जास्त. १२ धरले तर पाचव्या वर्षासाठी ३० क्रेडिट उरतात. ग्रॅज्युएट स्कूलमध्ये सेमिस्टरला ९ क्रेडिट घेतले की बहुतेक ठिकाणी फुलटाइम समजतात. तिथे १५-१५ क्रेडिट ओढायचे म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. म्हणून बरीच मुलं चौथ्या वर्षानंतरचा उन्हाळा कोर्समध्ये घालवतात, आणि काहींचं पाचवं वर्ष डिसेंबरपर्यंत लांबतं. मेलमध्ये हे लिहिलेलं नसतं.

मग वाचलं काय, हे तुलना कशाशी करता त्यावर ठरतं. माहितीपत्रकात तुलना सहा वर्षांशी असते, चार अधिक दोन. पण ४२ क्रेडिटचा एमपीएच अनेक ठिकाणी तीन सेमिस्टर आणि मधला उन्हाळा मिळून साधारण १६ महिन्यांत होतो. त्याच्याशी तुलना केली तर वाचतं ते एक सेमिस्टर. त्यात आपल्याकडची मुलं हायस्कूलमधून एपीचे (शाळेतच केलेल्या कॉलेज-पातळीच्या कोर्सचे) इतके क्रेडिट घेऊन येतात की बॅचलर्स साडेतीन वर्षांतही आटपू शकतं. तुमच्या मुलीचं तसं असेल आणि एखाद्या चांगल्या स्कूलमध्ये स्प्रिंगचा प्रवेश मिळाला, तर जोड-प्रोग्राम न घेताही पाच वर्षांतच दोन पदव्या होतात, तेही दुसरी पदवी कुठून घ्यायची हे तिनं स्वतः निवडून. ‘एक वर्ष वाचतं’ हे वाक्य खोटं नाही, पण ते प्रत्येकाला लागू होतंच असंही नाही. तिचं ट्रान्सक्रिप्ट समोर घेऊन बसा आणि सेमिस्टरगणिक मांडून बघा.

पैशाचं गणित याहून वेगळं आहे, आणि इथे मात्र प्रोग्रामची बाजू भक्कम असू शकते. पुष्कळ युनिव्हर्सिट्यांत अंडरग्रॅडला १२ ते १८ क्रेडिटपर्यंत एकच ठरलेली फी असते. चौथ्या वर्षी त्याच फीमध्ये ग्रॅज्युएट कोर्स बसले, तर ते १२ क्रेडिट जवळजवळ फुकट पडले म्हणायचे, आणि तिला स्कॉलरशिप असेल तर तीही त्यांना लागू होते. खरी बचत ही आहे. पाचव्या वर्षी हे सगळं उलटतं. फी ग्रॅज्युएट दरानं, क्रेडिटप्रमाणे, आणि अंडरग्रॅडची स्कॉलरशिप बहुधा आठ सेमिस्टरनंतर संपलेली. म्हणून बर्सर ऑफिसला (युनिव्हर्सिटीच्या फी खात्याला) एकच प्रश्न विचारा: माझी मुलगी तुमच्या खात्यात ग्रॅज्युएट विद्यार्थिनी कुठल्या तारखेपासून होते? काही ठिकाणी ही तारीख चौथ्या वर्षाच्या मध्येच येते. मग सगळा हिशेब बदलतो.

सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्या घरांसाठी या तारखेला आणखी एक अर्थ आहे. पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मिळणारी फेडरल मदत, बॅचलर्स मिळेपर्यंतच. ग्रॅज्युएट विद्यार्थी झाल्यावर फेडरल लोनचे नियम वेगळे, आणि ते २०२५ च्या कायद्यानं बदललेत: १ जुलै २०२६ पासून नव्यानं कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस हे ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांसाठीचं जास्तीचं फेडरल लोन मिळत नाही, आणि साध्या ग्रॅज्युएट पदवीसाठी फेडरल लोनची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण १,००,००० डॉलर. एका वर्षाच्या एमपीएचला ही मर्यादा तोकडी पडू शकते, विशेषतः खाजगी युनिव्हर्सिटीत. तुम्हाला हा मुद्दा लागू नाही, कारण तुमची मुलगी एच-४वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आहे, आणि त्यावर फेडरल मदत मुळातच मिळत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी लोक विचारतच नाहीत: मास्टर्स कशाची आहे. आरोग्य क्षेत्रातल्या सगळ्या जोड-पदव्या एका मापानं मोजता येत नाहीत. काही ठिकाणी वरची पदवी हेच व्यवसायाचं दार असतं. रजिस्टर्ड डाएटिशियनच्या परीक्षेला बसायला १ जानेवारी २०२४ पासून मास्टर्स लागते. ॲथलेटिक ट्रेनरचं शिक्षणही आता मास्टर्सच्याच पातळीवर आहे. फिजिकल थेरपीत तर तीन वर्षांची डॉक्टरेट लागते, म्हणून तिथे ‘तीन अधिक तीन’ असतात. फिजिशियन असिस्टंटचे (पीए) काही ‘तीन अधिक दोन’ आहेत. अशा ठिकाणी मुलीला व्यवसाय नक्की ठाऊक असेल तर मी फारसा विचार न करता जोड-प्रोग्राम घ्या म्हणते. पदवी कधी ना कधी घ्यायचीच आहे, वर्ष खरोखर वाचतं, आणि त्याहून मोलाची म्हणजे पुढची जागा धरलेली असते. पीएच्या सीटसाठी बाहेरून किती धडपड करावी लागते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. फक्त ती जागा कुठल्या अटींवर धरलीय (जीपीए, पेशंटसोबतचे तास), प्रोग्रामची मान्यता सध्या पूर्ण आहे की प्रोबेशनवर, आणि लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या प्रयत्नात किती मुलं पास होतात, एवढं तपासा. हे आकडे पीएचे प्रोग्राम स्वतःच्या वेबसाइटवर देतात.

(बीए-एमडीचाही विषय निघतोच, म्हणून सांगते. मिसूरी-कॅन्सस सिटी युनिव्हर्सिटीचा सहा वर्षांचा बीए-एमडी १९७१ पासून चालू आहे, तिथे वर्षं खरोखर वाचतात. ब्राउनचा असाच प्रोग्राम मात्र आठ वर्षांचाच आहे. तिथे वेळ वाचत नाही, एमसीएटीची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) धाकधूक वाचते. दोन्हीकडे प्रवेश मुख्यतः हायस्कूलमधूनच, तेव्हा तुमच्या मुलीसाठी ती गाडी गेली.)

एमपीएच या दारांपैकी नाही. पब्लिक हेल्थमधल्या बहुतेक कामांना लायसन्स लागत नाही. सीपीएच नावाची परीक्षा आहे, पण ती ऐच्छिक. त्यामुळे एमपीएचची किंमत ठरते ती तुम्ही वर्गात काय घेऊन येता आणि बाहेर पडल्यावर ते कुठे वापरता यावर. माझ्या वर्गात पाचव्या वर्षाची बावीसची मुलगी बसते, तिच्या शेजारी आयसीयूत दहा वर्षं काढलेली नर्स, पलीकडे नागपूरहून बीडीएस करून आलेला मुलगा, मागे काउंटीचा हेल्थ इन्स्पेक्टर. एखाद्या लग्नाच्या जेवणातून झालेल्या विषबाधेची केस दिली की ॲटॅक रेट (जेवलेल्यांपैकी किती टक्के आजारी पडले) सगळ्यात आधी ती बावीसची मुलगी काढते. आकडेमोडीत या मुलांचा हात कुणी धरत नाही. पण पुढे “आता फोन कुणाला करायचा, आणि काय विचारायचं?” म्हटलं की ती वहीत बघते, आणि इन्स्पेक्टर विचारतो की भात रात्री शिजवून कुठे ठेवला होता. हे शिकवता येत नाही असं मी म्हणत नाही, आम्ही तेच शिकवायला बसलोय. पण ज्यानं असं एखादं स्वयंपाकघर पाहिलंय त्याला त्याच लेक्चरमधून दुप्पट मिळतं.

नोकरीतही हेच दिसतं. एमपीएच मागणाऱ्या बऱ्याच जागांवर सोबत एक-दोन वर्षांचा अनुभवही मागतात. पदवी आहे आणि अनुभव नाही, अशी मुलं मग बॅचलर्सवाल्यांसाठी असलेल्याच जागांवर अर्ज करतात. कोविडनंतर पब्लिक हेल्थकडे मुलांची रीघ लागली, आणि मार्च २०२५ मध्ये फेडरल आरोग्य खात्यानं १०,००० पदं कमी करायचं जाहीर केलं, त्यात सीडीसी या साथरोग नियंत्रणाच्या केंद्रीय संस्थेची सुमारे २,४००. जे बाहेर पडले तेही राज्यांच्या आणि काउंट्यांच्या त्याच जागांकडे वळणार, हातात वर्षानुवर्षांचा अनुभव घेऊन. त्यामुळे एरवी माझा सल्ला असतो: बॅचलर्स करा, हॉस्पिटल, इन्शुरन्स किंवा हेल्थ डिपार्टमेंट, कुठेही दोन वर्षं काम करा, मग एमपीएचला या. बऱ्याच मोठ्या हॉस्पिटल सिस्टिम्स फीला हातभार लावतात, आणि एम्प्लॉयरनं दिलेल्या वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर टॅक्सही लागत नाही. पार्टटाइम एमपीएच त्यावर निम्म्याहून जास्त निघू शकतो. मुख्य म्हणजे तोवर कळलेलं असतं की आपल्याला एपिडेमिऑलॉजी (रोगप्रसाराचा अभ्यास) हवी, हेल्थ पॉलिसी हवी, की एमपीएच नकोच, एमएचए (हॉस्पिटल आणि आरोग्यसेवेच्या व्यवस्थापनाची मास्टर्स) हवा.

मेडिकलचं उत्तर लहान आहे. एमपीएच हे मेडिकलचं तिकीट नाही. मेडिकल स्कूलचा सामाईक अर्ज अंडरग्रॅडचा जीपीए आणि ग्रॅज्युएटचा जीपीए वेगवेगळे दाखवतो. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत सी पडला असेल तर एमपीएचमधला ए तो झाकत नाही. पब्लिक हेल्थची मनापासून आवड असलेल्या मुलांच्या अर्जात ती पदवी शोभते, पण ‘प्रोफाइल सुधारायला’ घेतलेली ओळखू येते. शिवाय ३० क्रेडिटचं पाचवं वर्ष, एमसीएटी आणि मेडिकलचे अर्ज हे तिन्ही एकाच वर्षात कोंबायचे म्हणजे एकाला तरी फटका बसतो. मेडिकल खरंच पहिली पसंती असेल तर जूनियर आणि सीनियर (तिसरं आणि चौथं) वर्षं त्याला द्या, आणि एमपीएचचा विचार मेडिकल स्कूलमध्ये करा. तिथेही एमडी-एमपीएच पाच वर्षांत करता येतो, आणि तोवर ती कुठल्या वाटेची डॉक्टर होणार हे जरा स्पष्ट झालेलं असतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई ‘नको’ म्हणतेय. मुलगी सिटिझन असती तर कदाचित तेच म्हटलं असतं. पण ती एच-४वर आहे, आणि माझा ‘दोन वर्षं नोकरी कर’ हा लाडका सल्ला तिथे कोलमडतो.

एच-४वर शिकता येतं, पण मुलांना काम करता येत नाही, पगारी इंटर्नशिपही नाही. २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो. बहुतेक घरांत तेव्हा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा करतात. तुमच्या मुलीचं हे वळण तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस किंवा चौथ्याच्या सुरुवातीला येईल, म्हणजे नेमकं जोड-प्रोग्राम सुरू होताना. एफ-१वर पदवीनंतर ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी, मिळते, १२ महिने, आणि आधीच्यापेक्षा वरच्या पातळीची पदवी घेतली की पुन्हा १२ महिने. म्हणजे सरळ मार्गानं गेली तर बॅचलर्सनंतर एक वर्ष काम, मग मास्टर्स, मग पुन्हा काम, असं शक्य आहे. जोड-प्रोग्राममध्ये बॅचलर्सनंतर न थांबता पाचवं वर्ष सुरू होतं, तेव्हा बॅचलर्सची ओपीटी व्यवहारात सोडूनच दिल्यासारखी होते. दोन्ही पदव्या शेवटी एकदम देणारे प्रोग्राम असतील तर तसा प्रश्नच उरत नाही, एकच ओपीटी.

दुसऱ्या बाजूला, एच-१बीच्या लॉटरीत अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० व्हिसांचा वेगळा कोटा आहे, आणि तो पाच वर्षांत हाती येतो. आणि सगळ्यात निर्णायक मुद्दा: एमपीएचचा विषय. जनरल पब्लिक हेल्थचा सरकारी कोर्स-कोड स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत नाही. एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्सचे (आरोग्याच्या संख्याशास्त्राचे) आहेत. स्टेम असेल तर ओपीटीला आणखी २४ महिने मिळतात, म्हणजे एकूण तीन वर्षं. एकाच इमारतीत, एकाच प्राध्यापकांकडे शिकलेल्या दोन मुलींपैकी एकीला एक वर्ष मिळतं आणि दुसरीला तीन, निव्वळ आय-२०वरच्या (युनिव्हर्सिटी एफ-१साठी देते त्या कागदावरच्या) कोडच्या आकड्यामुळे. कॉन्सन्ट्रेशनच्या (एमपीएचमधल्या खास विषयाच्या) नावावर जाऊ नका. काही स्कूल्समध्ये सगळ्या एमपीएचला मिळून एकच कोड असतो, मग एपिडेमिऑलॉजी घेऊनही उपयोग नाही. इंटरनॅशनल ऑफिसकडून तो कोड लेखी मागवा.

तेव्हा तुमच्या घरापुरतं मला असं दिसतं. मेडिकल ही तिची खरी पहिली पसंती असेल तर हा प्रोग्राम सोडून द्या. मेडिकल आई-बाबांच्या मनात जास्त आणि तिच्या मनात कमी असेल (विचारा, पण उत्तर देताना तिला तुमच्याकडे बघावं लागणार नाही अशा पद्धतीनं विचारा), आणि एमपीएच एपिडेमिऑलॉजी किंवा बायोस्टॅटमध्ये स्टेम कोडसकट मिळत असेल, तर तुमच्या परिस्थितीत घ्या. जनरल एमपीएच, स्टेम नाही, पाचवं वर्ष पूर्ण ग्रॅज्युएट फीचं, असं असेल तर वाचलेलं सेमिस्टर त्या किमतीचं नाही. बॅचलर्स करून त्यावरची ओपीटी वापरू दे. एखादं वर्ष का होईना, काम बघून मग ती ठरवेल. दरम्यान ग्रीन कार्डाचं काय होतंय आणि २१ च्या आत तिला त्याचा फायदा होण्याची शक्यता किती, हे वकिलाकडून समजून घ्या, कारण त्या एका उत्तरानं वरचं सगळं बदलू शकतं.

अर्ज मात्र करायला हरकत नाही. बहुतेक जोड-प्रोग्राममध्ये प्रवेश मिळाला म्हणून बांधून घेतलं जात नाही. चौथ्या वर्षाच्या शेवटी नुसतं बीएस घेऊन बाहेर पडता येतं. मेलमध्ये तसं लिहिलं नसेल तर विचारून घ्या. विशेषतः ‘तीन अधिक दोन’ प्रकारात बॅचलर्स पाचव्या वर्षाच्या शेवटी देतात का हे बघा, कारण मध्येच सोडलं तर हातात काहीच नाही अशी वेळ येऊ शकते. आणि ग्रॅज्युएट कोर्समध्ये बी ग्रेडच्या खाली गेलं तर तो कोर्स बीएसला चालतो पण एमपीएचला बऱ्याचदा धरत नाहीत. मग सामाईक १२ चे ९ होतात आणि सगळं वेळापत्रक सरकतं. माझ्या मुलांना मी सांगते की जूनियर वर्षात एकच ग्रॅज्युएट कोर्स घ्या, आणि तो बायोस्टॅटिस्टिक्स किंवा एपिडेमिऑलॉजीची ओळख असू दे. एका सेमिस्टरमध्ये कळतं की हे आपलं आहे का.

पुण्या-मुंबईहून बीडीएस, बीएचएमएस, बी.फार्म करून इथे यायचा विचार करणारे मला हेच विचारतात, म्हणून एक ओळ त्यांच्यासाठी: हे प्रोग्राम त्याच युनिव्हर्सिटीत बॅचलर्स करत असलेल्यांसाठी असतात, तुम्हाला नेहमीच्याच एमपीएचला अर्ज करावा लागेल. स्टेम कोडचा मुद्दा मात्र तुम्हालाही तितकाच लागू.

या आठवड्यात तीन मेल पाठवा. ॲडव्हायजरला: किती क्रेडिट सामाईक, बॅचलर्स कधी मिळतं, सोडायची वाट कुठली. बर्सरला: ग्रॅज्युएट फी कधीपासून. इंटरनॅशनल ऑफिसला: एमपीएचचा कोड कोणता, आणि एच-४वरून एफ-१ व्हायचं तर अर्ज किती महिने आधी टाकायचा. तिसऱ्या मेलचं उत्तर सगळ्यात उशिरा येतं, म्हणून ती आधी पाठवा.